छोट्या कारखान्याने आधी यंत्र घ्यावे की जागा?

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांना नमस्कार. राहत्या घराच्या तळमजल्यावर गेली सात वर्षे माझा पुठ्ठ्याचे बॉक्स तयार करण्याचा लहान व्यवसाय आहे. गिऱ्हाईक मुख्यतः बेदाण्याचे आणि द्राक्षांचे व्यापारी, आणि थोडे हळद पॅकिंगवाले. नालीचे, म्हणजे लाटांसारख्या घड्यांचा कागद असलेले, टू-प्लाय शीट मी बाहेरून आणतो. त्यावर कागद चिकटवणे (पेस्टिंग), वजनाखाली वाळवणे, घडीसाठी खाचा पाडणे (स्लॉटिंग), पिना मारणे (स्टिचिंग) आणि गठ्ठे बांधणे एवढी कामे आमच्याकडे होतात. तळमजला ६०० चौरस फुटांचा आहे, छत ९ फुटांवर आहे आणि माझ्यासह सहा माणसे काम करतात. दिवसाला सातशे ते आठशे बॉक्स निघतात, पण द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की मागणी दुपटीवर जाते आणि मला ऑर्डर परत पाठवावी लागते.

आता हाताशी थोडी शिल्लक आहे आणि कर्जही मंजूर होण्यासारखे आहे. माझ्या मनात पेस्टिंगचे अर्धस्वयंचलित यंत्र घ्यायचे आहे, कारण त्याने उत्पादन दुप्पट होईल असे विक्रेता सांगतो. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की यंत्र राहू द्या, आधी सांगलीशेजारच्या कुपवाडला शेड घ्या. मी एक शेड पाहून आलो आहे. १८०० चौरस फूट असून महिना २१,६०० रुपये भाडे सांगितले आहे. आज माझे जागेचे भाडे शून्य आहे, त्यामुळे हा आकडा ऐकून छातीत धस्स होते. जाणकारांनी कृपया मोकळेपणाने मत द्यावे.

माणदेशी (विटा)

भावाचे ऐकू नका. भाडे दर महिन्याच्या एक तारखेला उभे राहते, मग हंगाम असो वा नसो. घरच्या जागेत सात वर्षे टिकलात ते भाडे नव्हते म्हणूनच. आमच्या यंत्रमागाच्या धंद्यात कर्जापेक्षाही भाड्याने बुडालेले लोक मी अधिक पाहिले आहेत.

जुना फिटर (सातारा)

माणदेशी यांची काळजी खरी आहे, पण उत्तर देण्यापूर्वी मला एक विचारायचे आहे. कृष्णाकाठ, तुमच्याकडे शीटचा एक गठ्ठा गाडीतून उतरल्यापासून तयार बॉक्स होऊन टेम्पोत चढेपर्यंत किती वेळा उचलला जातो? अंदाजाने सांगू नका. एक दिवस वही घेऊन उभे राहा आणि मोजा.

मी हे का विचारतो ते सांगतो. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी एकतीस वर्षे लेथवर, म्हणजे लोखंड कातण्याच्या यंत्रावर, आणि नंतर स्वतःच्या जॉबवर्कच्या गाळ्यात काढली. माझा पहिला गाळा इतका अरुंद होता, की लेथच्या स्पिंडलमधून, म्हणजे फिरत्या पोकळ दांड्यातून, मागे येणारा लांब बार भिंतीला लागायचा. म्हणून बारा फुटांचा बार आधी हॅकसॉवर कापून त्याचे चार तुकडे करायचे आणि मग एकेक तुकडा लावायचा. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला चकात (लेथच्या पकडीत) धरण्यापुरते लोखंड वाया जायचे, आणि प्रत्येक वेळी यंत्र थांबवून जॉब पुन्हा बांधावा लागायचा. मी पाच वर्षे हिशोबात 'मटेरियलची घट' असे लिहीत राहिलो. ती घट लोखंडाची नव्हतीच, मागच्या भिंतीची होती. मोठ्या गाळ्यात गेलो, तोच लेथ तिथे नेला, तोच कारागीर होता, आणि पहिल्याच महिन्यात काम जवळजवळ सव्वापट झाले. नवे यंत्र एकही घेतले नव्हते.

हळदीवाली (सांगली)

फिटर काकांनी माझ्या मनातले लिहिले. माझा मसाल्यांचा व्यवसाय आहे. सुरुवातीला एकाच खोलीत मिरची, धने, जिरे भाजणे, दळणे आणि पाकिटे भरणे चालायचे. एका दुकानदाराने हळदीची चाळीस किलो पाकिटे परत केली, कारण हळदीला गरम मसाल्याचा वास येत होता. त्याचे काहीच चुकले नव्हते. अन्नपदार्थांच्या परवान्याच्या २०११ च्या नियमांत, अनुसूची ४ मध्ये, कच्चा माल आणि तयार माल वेगळे ठेवा, माल जमिनीला टेकू देऊ नका, भिंतीपासून दूर ठेवा असे सारे लिहिलेले आहे. आम्ही त्याकडे कटकट म्हणून पाहत होतो. प्रत्यक्षात माल खराब का होतो याची ती यादीच आहे आणि तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ शेवटी जागाच मागते.

आता मी ११०० चौरस फुटांत आहे. एका दाराने कच्चा माल येतो, दुसऱ्या दाराने पाकिटे बाहेर जातात, आणि मिरची दळण्याची खोली पूर्ण बंद आहे. आमच्याकडच्या बायका पूर्वी दुपारी डोळे पुसत बसायच्या. आता कोणी काम सोडून जात नाही. स्वच्छतागृह आणि डबा खायला स्वतंत्र कोपरा नसेल तर बायका चार महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाहीत, हेही मी अनुभवाने सांगते. नवीन बाईचा हात बसायला दोन महिने लागतात. ती गेली की ते दोन महिने पुन्हा मोजायचे.

माणदेशी (विटा)

ताई, तुमचा खाद्यपदार्थांचा विषय वेगळा आहे. पुठ्ठ्याला वास लागत नाही.

कराडचा पुठ्ठेवाला (कराड)

पुठ्ठ्याला वास लागतो आणि दमटपणाही लागतो. मी याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कृष्णाकाठ दादा, यंत्र विकणाऱ्याने तुम्हाला पेस्टिंगचा वेग सांगितला. ओल्या शीटचे पुढे काय होणार ते सांगितले का? गोंद लावलेले शीट लगेच स्लॉटिंगला घेता येत नाही. ते सपाट रचून, वर वजन ठेवून वाळू द्यावे लागते. घाई केली तर नाली दबते, कडा सुटतात किंवा शीट वाकडे होते. यंत्राने पेस्टिंग दुप्पट झाले की वाळवणीच्या थप्प्यांना जमीनही दुप्पट लागते. तुमच्या ६०० चौरस फुटांत ती जमीन आहे का? नसेल तर यंत्र सकाळी दोन तास चालेल आणि उरलेला दिवस थप्प्या हलण्याची वाट पाहत उभे राहील. मी स्वतः नेमके हेच केले होते. यंत्राचा हप्ता सुरू झाला आणि उत्पादन होते तिथेच राहिले. अखेर पावसाळ्यात माल व्हरांड्यात ताडपत्रीखाली ठेवला, आणि जुलैत एका व्यापाऱ्याकडून आठशे बॉक्स परत आले. कागदाने हवेतला ओलावा ओढला की बॉक्सची ताकद उतरते. मग थप्पी लावल्यावर तळाचा बॉक्स बसतो आणि वरचा सगळा मनोरा कलतो.

बॉक्स हा असा माल आहे, की त्याचे वजन कमी आणि आकारमान मोठे. लोखंडवाल्याचा दिवसभराचा तयार माल एका कोपऱ्यात मावतो, आपला खोलीभर होतो. म्हणून दुसऱ्या धंद्यातली मापे आपल्याला लावता येत नाहीत.

मिरजकर (मिरज)

थोडे विषयांतर होईल, पण जागेचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या मिरजेत सतारमेकर मंडळींची घरे पाहिलीत, तर कमी जागा कशी वापरावी याचा धडा मिळतो. पूर्वीचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि चकाकी देणारे कारागीर, पुढे तंतुवाद्यांकडे वळले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे माळ्यावर आणि छताला टांगलेले असतात. जमिनीवर फक्त कारागीर आणि हातातले वाद्य. तासगाव भागातल्या बेदाण्याच्या शेडही पाहा. एकावर एक जाळ्यांचे थर लावून द्राक्षे वाळवतात. सगळी जमिनीवर पसरायची म्हटली तर शिवार पुरायचे नाही. तेव्हा आधी उंची वापरा, मग भाड्याचा विचार करा.

कराडचा पुठ्ठेवाला (कराड)

मिरजकर, भोपळा हलका असतो आणि तो वर्षातून थोड्याच वेळा उतरवावा लागतो. आमची थप्पी दिवसातून चार वेळा हलते. जे क्वचित लागते ते उंचावर ठेवा, हे मात्र मला मान्य आहे. पिनांच्या तारेचे गुंडाळे, डाय, जुन्या मापांचे नमुने हे सारे भिंतीवर जाऊ शकते. पण ९ फुटी छतात वर जायला जागा अशी किती असणार? शेडमध्ये १६-१८ फूट उंची मिळते, तिथे तुमचा सल्ला खरा उपयोगी पडेल.

आराखडा (सातारा)

मी औद्योगिक इमारतींचे नकाशे करते. उंचीवरून एक हिशोब आठवला. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात गर्दीसंबंधीचे कलम १६ होते. त्यात प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा धरली होती आणि जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा त्यात मोजायची नाही, असे म्हटले होते. सहा माणसांच्या उद्योगाला तो अधिनियम लागू होण्याचा प्रश्न तेव्हाही नव्हता, कारण कामगारांची किमान संख्याच तेवढी होत नव्हती. तरीही माप म्हणून ते वापरून पाहू. छत ९ फुटांवर, म्हणजे साधारण २.७४ मीटर. १४.२ ला त्याने भागले की ५.१८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५६ चौरस फूट येतात. सहा माणसांचे ३३५ चौरस फूट झाले. तुमच्या ६०० पैकी निम्म्याहून अधिक जागा एकट्या माणसांच्या वाट्याला जाते. उरलेल्या २६५ मध्ये पेस्टिंगचे टेबल, स्लॉटिंग, स्टिचिंग, कच्चा माल, वाळवणीच्या थप्प्या, तयार गठ्ठे आणि येण्याजाण्याची वाट बसवायची आहे. ही वाट नकाशात कोणीच काढत नाही आणि अपघात नेमके तिथेच होतात.

दुसरे असे, की तुमच्याकडे कागद आहे आणि वरच्या मजल्यावर कुटुंब राहते. बाहेर पडण्याची वाट तयार गठ्ठ्यांनी अडलेली असेल, तर कृपया हा धागा पूर्ण वाचण्याआधी उठून ती मोकळी करा. विमा असेल तर त्यात कोणता पत्ता आणि कोणता मजला लिहिला आहे तेही तपासा. आमच्या ओळखीत एकाने वरच्या खोलीत ठेवलेला माल विम्यात धरलाच नव्हता, हे नुकसान झाल्यावर लक्षात आले.

कृष्णाकाठ (सांगली)

आराखडा ताई, वाट अडलेली होती. काल रात्रीच मोकळी केली. आपले मनापासून आभार.

फिटर काका, शनिवारी दिवसभर मोजणार आहे.

संगमाचा शेजारी (हरिपूर)

जागा घेताना भाड्याच्या आधी पाण्याची रेषा पाहावी, एवढे एकच सांगण्यासाठी लिहितो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्याआधी २००५ ला आणि नंतर २०२१ लाही पूर आला. आमच्या हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. हळद वर्षानुवर्षे त्यांत सुरक्षित राहायची आणि व्यापाऱ्याला वर गोदाम बांधावे लागत नसे. साठवणुकीची इतकी काटकसरीची सोय दुसरीकडे क्वचितच असेल. २००५ च्या पुरात पाणी शिरले आणि ती व्यवस्था मोडली. तेव्हा सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या गावभागात कोणी निम्म्या भाड्याने गोदाम देऊ केले, तरी पुठ्ठ्याच्या धंद्यासाठी ते घेऊ नका. कुपवाड उंचावर आहे आणि ही गोष्ट त्या भाड्यातच धरलेली आहे, असे समजा.

लेखापाल (इस्लामपूर)

हा धागा नवीन उद्योग सुरू करणारेही वाचत असतील, त्यांच्यासाठी एक माहिती. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, प्रकल्प खर्चात जमिनीची किंमत धरता येत नाही. भाड्याच्या वर्कशेडचा खर्च मात्र जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत धरता येतो. अनेक जण प्रकल्प अहवालात सगळी रक्कम यंत्रांवर दाखवतात आणि जागेसाठी नंतर हातउसने घेतात. कृष्णाकाठ यांचा उद्योग चालू असल्याने नव्या उद्योगासाठीचे हे पहिले अनुदान त्यांना मिळणार नाही, पण त्यांनी भाड्याबरोबर अनामत रक्कम, स्वतंत्र औद्योगिक वीजजोडणी आणि येण्याजाण्याचे पेट्रोल हे तिन्ही खर्च लिहून काढावेत. २१,६०० हा पूर्ण आकडा नाही.

मोकळे आकाश (पलूस)

सर्वांचे वाचले. मला उलट बाजूही मांडावीशी वाटते. मी फॅब्रिकेशनसाठी ९०० वरून एकदम ४००० चौरस फुटांच्या शेडमध्ये गेलो. दोन वर्षांत त्यातली अर्धी जागा भंगार, अपुरी कामे आणि 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्या पाइपांनी भरली. जागा मिळाली म्हणून मी कच्चा मालही जास्त घेऊ लागलो आणि खेळते भांडवल त्यात अडकले. जागा मोठी झाली तशी माणसांची चालही वाढली. ग्राइंडर एका टोकाला आणि वेल्डिंग दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी मीच केली होती. आता जमिनीवर पिवळे पट्टे मारले आहेत आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी भंगार काढतोच. शेड घ्या, पण मांडणी कागदावर झाल्याशिवाय एकही यंत्र आत नेऊ नका.

इतिहासवेडा (औंध)

आमच्या औंधचे नाव या विषयात यायलाच हवे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि चालता कारखाना हलवण्याची वेळ आली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळचा ३२ एकरांचा ओसाड माळ दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेला तो माळ साफ करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर बेळगावात असतानाच तयार झाला होता, म्हणजे वस्तू होती, कसब होते. मला त्यातले रेल्वे स्थानक महत्त्वाचे वाटते. माळ स्थानकालगत होता, म्हणून जड माल आणणे-नेणे शक्य झाले. कृष्णाकाठ, शेडच्या दारापर्यंत गाडी थेट मागे घेता येते का, हे पाहून आलात का?

माणदेशी (विटा)

इतिहासवेडा, फार चांगली आठवण. तरी पंतप्रतिनिधी आज भेटत नाहीत आणि मालक आगाऊ तीन महिन्यांचे भाडे मागतो. मी माझे मत सोडलेले नाही. कृष्णाकाठ यांनी मोजणी केली असेल तर आकडे द्यावेत, त्यावर बोलू.

कृष्णाकाठ (सांगली)

उशीर झाला, क्षमस्व. शनिवार आणि सोमवार असे दोन दिवस मोजले.

एक गठ्ठा अकरा वेळा उचलला जातो. गाडीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून आत, टेबलावर, वाळवणीच्या थप्पीवर, मग स्लॉटिंगच्या माणसाला उभे राहता यावे म्हणून थप्पी बाजूला, मग स्लॉटिंगवर, तिथून पुन्हा व्हरांड्यात, पिना मारायला आत, बांधून जिन्याखाली, जिन्याखालून वरच्या खोलीत, आणि शेवटी खाली टेम्पोत. या अकरांपैकी पाच वेळा माल केवळ दुसऱ्या कामाला जागा करून देण्यासाठी हलतो. त्यात दोन माणसांचे प्रत्येकी साडेतीन तास जातात, म्हणजे मिळून सात तास. माझ्याकडे एका माणसाचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ५०० रुपये आहे. थोडक्यात जवळजवळ एका माणसाचा पूर्ण रोज मी हलवाहलवीला देतो. महिन्याला २६ दिवस धरले तर साधारण १३,००० रुपये.

हलवताना कोपरे दबून दिवसाला सरासरी बारा बॉक्स बाद होतात. एक बॉक्स २२ रुपयांचा धरला तर महिन्याला ६,८६४ रुपये. दोन्ही मिळून १९,८६४. भाडे २१,६०० आहे आणि लेखापाल यांनी सांगितलेले खर्च वेगळे. म्हणजे माणदेशी म्हणतात त्याप्रमाणे भाडे आपोआप निघत नाही, हे मला मान्य आहे. पण मी आजपर्यंत जागेचे भाडे शून्य समजत होतो, ते चूक होते. मी ते देतच होतो, फक्त हजेरीच्या वहीत आणि रद्दीत.

आणखी एक गोष्ट मोजणीत नव्हती, ती आईने सांगितली. वरची खोली तिची आहे. चार वर्षे ती बॉक्सच्या थप्प्यांच्या मधे झोपते आणि तिने कधी तक्रार केली नाही. हे लिहिताना मला फार अवघडल्यासारखे होत आहे.

हळदीवाली (सांगली)

दादा, मोजलेत आणि प्रामाणिकपणे लिहिलेत, याचे कौतुक वाटते. आईंना नमस्कार सांगा.

माणदेशी (विटा)

आकडे मांडलेत त्यामुळे माझा विरोध बराच मवाळ झाला. उरलेली तूट हंगामातल्या परत पाठवलेल्या ऑर्डरी भरून काढू शकतील. यंत्राचा हप्ता आणि भाडे एकाच वर्षी सुरू करू नका, एवढा आग्रह मात्र कायम आहे.

कराडचा पुठ्ठेवाला (कराड)

पूर्ण सहमत. पहिला हंगाम जुन्याच टेबलावर, नव्या जागेत काढा. मोकळ्या जागेत हातपेस्टिंगही किती वाढते ते बघा. यंत्र लागेल की नाही आणि लागले तर किती वेगाचे, हे मार्चअखेर तुम्हालाच कळेल. विक्रेत्याला तोवर थांबवा.

कृष्णाकाठ (सांगली)

तसेच ठरवले आहे. शेडमालकांशी अकरा महिन्यांच्या करारावर बोलणे झाले. गाडी दारापर्यंत मागे घेता येते, हेही पाहिले. यंत्र पुढच्या वर्षी. घरातली जागा मात्र रिकामी करणार, वरची खोली सर्वांत आधी.

मोकळे आकाश यांच्या सल्ल्याप्रमाणे कागदावर मांडणी केली आहे. शीट पूर्वेच्या दाराने आत येईल आणि बॉक्स पश्चिमेच्या दाराने बाहेर पडेल. कागदावर उचलण्याची संख्या सहावर आली आहे. येत्या रविवारी सकाळी रिकाम्या शेडमध्ये खडूने प्रत्यक्ष आखणी करणार आहोत. फिटर काका, साताऱ्याहून येणे जमेल का?

जुना फिटर (सातारा)

येतो. पन्नास फुटी टेप आणून ठेवा आणि तुमच्याकडचा पिना मारणारा माणूस हजर असू द्या. तो कुठे बसणार, हे आपण दोघांनी ठरवायचे नाही, त्यालाच विचारायचे.